खापरपणजी एकच, घर मात्र नाही: प्रिन्स फिलिपचं बालपण

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर तसंच ऐकत राहा. आजची गोष्ट नात्यांची आहे आणि ती जरा गुंतागुंतीची आहे. पण घाबरू नका, मी दिवसभर दुसऱ्यांचा गुंतलेला कोडच सोडवत असतो. धागा मी धरतो, तुम्ही फक्त मागे मागे या.

इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचे नवरे, प्रिन्स फिलिप, ड्यूक ऑफ एडिंबरा. ९ एप्रिल २०२१ ला गेले, वयाच्या ९९ व्या वर्षी. शंभरीला दोन महिने कमी. ब्रिटनच्या इतिहासात राणीचा किंवा राजाचा जोडीदार म्हणून इतकी वर्षं कुणीच काढली नाहीत, ६९ वर्षांहून जास्त. आपल्या डोक्यात त्यांचं चित्र काय असतं? राणीच्या दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून चालणारा उंच म्हातारा माणूस. मधूनच काहीतरी तिरकस बोलून वाद ओढवून घेणारा.

मला त्या म्हाताऱ्यापेक्षा त्याच्या आतला मुलगा जास्त इंटरेस्टिंग वाटतो. कारण प्रश्न असा आहे: ज्याचे आजोबा राजा, खापरपणजी राणी व्हिक्टोरिया, अर्ध्या युरोपच्या राजवाड्यांत ज्याचे काका-मामा-मावश्या, तो मुलगा वयाच्या दहाव्या वर्षी बेघर कसा झाला?

चला, सुरुवातीपासून बघू.

१० जून १९२१. ग्रीसचं कॉर्फू नावाचं बेट. तिथे ‘मॉन रेपो’ नावाचा बंगला. फिलिपचा जन्म तिथे डायनिंग टेबलावर झाला असं सांगतात. चार मुलींच्या पाठीवर हा मुलगा. सगळ्यात धाकटी बहीण सोफी, तीसुद्धा त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. म्हणजे शेंडेफळ, आणि तेही बऱ्याच उशिराचं.

इथे डेव्हलपर मंडळींसाठी एक गंमत. ग्रीसमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं. त्यामुळे तिथल्या हिशेबाने तो जन्मला २८ मे ला. तेरा दिवसांचा फरक! जगात आल्या आल्या पोराच्या नावावर दोन तारखा. पुढे आडनाव, धर्म, नागरिकत्व, सगळ्याच बाबतीत हेच होणार होतं.

आता नाती. नीट लक्ष द्या.

वडील प्रिन्स अँड्र्यू. ग्रीसचे राजे पहिले जॉर्ज यांचा मुलगा. पण हे जॉर्ज मुळात ग्रीक नव्हतेच! ते डेन्मार्कचे राजपुत्र. ग्रीसला राजा हवा होता, म्हणून १८६३ मध्ये सतराव्या वर्षी त्यांना तिकडे नेऊन गादीवर बसवलं. त्यांनी लग्न केलं रशियाच्या झारच्या घराण्यातल्या ओल्गाशी. म्हणजे ‘ग्रीसचा राजपुत्र’ फिलिप याच्या अंगात ग्रीक रक्त जवळपास नव्हतंच.

या जॉर्जचे वडील डेन्मार्कचे राजे नववे ख्रिश्चन. त्यांना लोक ‘युरोपचा सासरा’ म्हणायचे. एक मुलगी अलेक्झांड्रा इंग्लंडची राणी झाली. दुसरी डागमार रशियाची सम्राज्ञी झाली. एक मुलगा डेन्मार्कचा राजा, एक ग्रीसचा. सोयरीक जमवणं म्हणजे काय ते या माणसाकडून शिकावं.

आई प्रिन्सेस ॲलिस ऑफ बॅटनबर्ग. जन्म १८८५, विंडसरच्या किल्ल्यात. राणी व्हिक्टोरियाची पणती. ॲलिसला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पण ती ओठांच्या हालचाली वाचायला शिकली, आणि तेही एकापेक्षा जास्त भाषांमध्ये! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फिलिप आणि एलिझाबेथ यांचं नातं काय? व्हिक्टोरिया राणी दोघांचीही खापरपणजी. म्हणजे या वाटेने गेलात तर ते लांबचे बहीण-भाऊ. पण डेन्मार्कच्या ख्रिश्चनच्या वाटेने गेलात तर ख्रिश्चन हे फिलिपचे पणजोबा आणि एलिझाबेथचे खापरपणजोबा. एक पिढी सरकली! म्हणजे या वाटेने फिलिप तिचा लांबचा काका लागतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं तेव्हा पत्रिकेवर नाती लिहिताना जी तारांबळ उडते ना, ती आठवा आणि तिला दहाने गुणा. याला फॅमिली ट्री म्हणतात खरं, पण झाडाच्या फांद्या फुटल्या की पुन्हा एकमेकींना येऊन मिळत नाहीत. हे झाड नाहीच, हा पक्का ग्राफ आहे.

एवढं मोठं नेटवर्क. आता बघा ते कसं कोसळतं.

फिलिप जन्मला तेव्हा ग्रीस आणि तुर्कस्तान यांचं युद्ध चालू होतं. वडील अँड्र्यू त्या युद्धात सैन्याच्या एका तुकडीचे सेनापती होते. १९२२ मध्ये ग्रीसचा दारुण पराभव झाला. लष्करातल्या अधिकाऱ्यांनी बंड करून सत्ता घेतली, राजाने गादी सोडली, आणि मग सुरू झाली दोषी शोधण्याची मोहीम. नोव्हेंबरमध्ये तीन माजी पंतप्रधानांसह सहा जणांना गोळ्या घातल्या. अँड्र्यूवरही खटला चालला. त्यांच्यावर आरोप होता वरिष्ठांचा हुकूम मोडल्याचा. तेही गेलेच असते, पण ब्रिटिशांनी मध्यस्थी केली आणि मरणाऐवजी कायमची हद्दपारी मिळाली.

डिसेंबर १९२२. ब्रिटिश युद्धनौका ‘कॅलिप्सो’ या कुटुंबाला घेऊन निघाली. फिलिप दीड वर्षाचा. त्याच्यासाठी जहाजावर पाळणा कुठला असणार? फळांच्या खोक्याचा पाळणा केला, आणि त्यात झोपून ग्रीसचा राजपुत्र ग्रीसमधून बाहेर पडला.

मग पॅरिस. शहराजवळ सँ क्लू नावाच्या गावात काकूने राहायला घर दिलं. ही काकूही काही साधीसुधी नाही. मारी बोनापार्ट तिचं नाव, नेपोलियनच्या भावाची वंशज, आणि सिग्मंड फ्रॉइडची शिष्या. पुढे स्वतः नावाजलेली मनोविश्लेषक झाली. म्हणजे घर दुसऱ्याचं, खर्च बराचसा नातेवाइकांच्या भरवशावर. वडिलांना काम नाही, देश नाही. मोठ्या नावाची आणि रिकाम्या खिशाची माणसं.

आणि मग १९३० उजाडलं.

ॲलिसची तब्येत बिघडत चालली होती. ती धर्माकडे फार ओढली गेली, तिला दैवी संदेश मिळतात असं ती म्हणू लागली. डॉक्टरांनी निदान केलं स्किझोफ्रेनिया. फ्रॉइडचाही सल्ला घेतला गेला, आणि उपाय म्हणून तिच्या बीजांडकोशांवर क्ष-किरणांचा मारा करण्यात आला. हो, बरोबर ऐकलंत. मनाच्या दुखण्यावर हा उपाय, नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी, त्या काळच्या सगळ्यात नामांकित लोकांच्या देखरेखीखाली.

२ मे १९३०. मुलांना दिवसभर बाहेर फिरायला नेलं. ती परत आली तेव्हा आई घरात नव्हती. तिला इंजेक्शन देऊन, गाडीत घालून, स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेनच्या मनोरुग्णालयात नेलं होतं. फिलिप तेव्हा आठ वर्षांचा. नववा वाढदिवस महिन्याभरावर आलेला.

पुढचे पंधरा महिने बघा. वडील फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे निघून गेले. घर बंद झालं. डिसेंबर १९३० मध्ये सोफीचं लग्न. फेब्रुवारी १९३१ मध्ये सेसिलीचं. एप्रिलमध्ये मार्गारिटाचं. ऑगस्टमध्ये थिओडोराचं. नऊ महिन्यांत चारही बहिणींची लग्नं, चारही जावई जर्मन राजघराण्यांतले. आणि दहा वर्षांचा फिलिप? त्याला इंग्लंडला पाठवलं. आजी आणि मोठा मामा जॉर्ज यांच्याकडे.

१९३२ च्या उन्हाळ्यापासून १९३७ पर्यंत त्याला आई भेटली नाही, आणि तिच्याकडून एक ओळही आली नाही.

मोठेपणी याबद्दल विचारलं की ते एकदम कोरडेपणाने सांगायचे: घर विस्कटलं, आई आजारी होती, बहिणींची लग्नं झाली, वडील दक्षिण फ्रान्सला होते, मला पुढे जाणं भाग होतं. संपलं. पत्रकारांना यात तुसडेपणा दिसायचा. मला वाटतं, ज्या मुलाला त्या वयात रडायला हक्काची मांडीच नव्हती, त्याने शिकून घेतलेली ही भाषा आहे.

आता एक माणूस येतो. कुर्ट हान. जर्मनीतल्या सालेम इथल्या शाळेचा मुख्याध्यापक, ज्यू. शाळा होती थिओडोराच्या सासरच्या किल्ल्यात. १९३३ मध्ये फिलिपला तिकडे पाठवलं, आणि त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. हान यांना अटक झाली. सुटल्यावर ते ब्रिटनला गेले आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन नावाची शाळा काढली. फिलिप सालेममध्ये जेमतेम दोन सत्रं काढून त्यांच्या मागोमाग तिकडे आला. पहाटे थंड पाण्याची आंघोळ, पळणं, समुद्रात बोटी हाकणं, गावासाठी काम करणं. इतरांना जाच वाटेल अशी शिस्त. याला मात्र पहिल्यांदाच रोजचा दिवस ओळखीचा वाटला असेल. पुढे १९५६ मध्ये त्यांनी तरुणांसाठी जो ‘ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार’ सुरू केला, त्याचं मूळ हान यांच्या या शिकवणीत आहे. त्या धर्तीवरचा उपक्रम भारतातल्या शाळांमध्येही चालतो, तुमच्यापैकी कुणीतरी नक्की केला असेल.

आणि आता ती तारीख. १६ नोव्हेंबर १९३७.

बहीण सेसिली, तिचा नवरा, दोन लहान मुलं आणि सासू विमानाने लंडनला निघाली होती. दिराचं लग्न होतं. बेल्जियममध्ये ओस्टेंडजवळ दाट धुकं. विमान उतरताना कारखान्याच्या धुराड्यावर आदळलं. सगळे गेले. सेसिली तेव्हा गरोदर होती, दिवस भरत आले होते. घरी राहिलेली तान्ही मुलगी तेवढी वाचली, तीही १९३९ मध्ये आजाराने गेली. फिलिप सोळा वर्षांचा. शाळेत हान यांनी त्याला बोलावून ही बातमी सांगितली.

‘द क्राउन’ ही सिरीज पाहिली असेल तर दुसऱ्या सीझनमधला तो भाग आठवत असेल. त्यात दाखवलंय की फिलिपने शाळेत मारामारी केली, त्याची सुट्टी रद्द झाली, म्हणून सेसिली विमानात बसली, आणि वडील सगळ्यांसमोर त्याला म्हणतात की ती तुझ्यामुळे गेली. मंडळी, हे लेखकाच्या मनचं आहे. ती लग्नालाच निघाली होती, फिलिपच्या सुट्टीचा त्यात काही संबंध नाही. मला हे स्पष्ट सांगावंसं वाटतं, कारण जगभरच्या लाखो लोकांच्या डोक्यात आता एका खऱ्या माणसाच्या नावावर त्याच्या बहिणीचं मरण नोंदवलं गेलंय. सिरीज मजेत बघा, मीही बघतो. पण त्यावरून इतिहासाची नोंद करू नका.

अंत्यविधी डार्मस्टाटला झाला. सोळा वर्षांचा मुलगा शवपेटीमागे चालतोय, आजूबाजूला नाझी गणवेशातले नातेवाईक, रस्त्याच्या कडेला हात वर करून सलाम ठोकणारी गर्दी. सेसिली आणि तिचा नवरा त्याच वर्षी नाझी पक्षात गेले होते. सोफीचा नवरा एसएसमध्ये अधिकारी. आणि त्या दिवशी ॲलिस आणि अँड्र्यू, नवरा-बायको, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा समोरासमोर आले. लेकीच्या मयतीला. पाच महिन्यांत मामा जॉर्जही कॅन्सरने गेला. उरला धाकटा मामा. लुई माउंटबॅटन.

हो, तेच! आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले शेवटचे व्हाइसरॉय. ते फिलिपचे सख्खे मामा, ॲलिसचे धाकटे भाऊ. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलं की काहीच कळत नाही. आपल्या ‘मामा’ या एका शब्दात सगळा डेटा आला.

मामांनी भाच्याला नौदलाच्या वाटेवर ठेवलं. जुलै १९३९ मध्ये राजा सहकुटुंब डार्टमथच्या नौदल कॉलेजात आला, तेव्हा राजाच्या मुलींना सोबत करायचं काम अठरा वर्षांच्या फिलिपकडे आलं. थोरली एलिझाबेथ तेरा वर्षांची. मामाही त्या दिवशी तिथेच होते, हा योगायोग मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा!

मग युद्ध. फिलिप ब्रिटिश नौदलात, मेहुणे जर्मनीकडून. आणि आई? ती बरी होऊन अथेन्सला परतली होती. नाझींनी शहर घेतलं तेव्हा तिने कोहेन नावाच्या ज्यू कुटुंबातल्या आईला आणि मुलांना स्वतःच्या घरात लपवलं. गेस्टापोचे लोक चौकशीला आले. ॲलिसला ऐकू येत नाही ना? मग तिने त्याचाच उपयोग केला. प्रश्न कळतच नाहीत असा चेहरा करून बसली. ओठ वाचता येणारी बाई! कोहेन कुटुंब वाचलं. जिला ‘वेडी’ म्हणून डांबून ठेवलं होतं, ती शहाण्यासुरत्या लोकांच्या त्या काळात सगळ्यात शहाणी निघाली.

वडील अँड्र्यू १९४४ मध्ये माँटे कार्लोला वारले. मुलाच्या हाती आलं थोडंसं सामान: काही कपडे, दाढीचा ब्रश, एक अंगठी.

२० नोव्हेंबर १९४७. लग्न. त्याआधी फिलिपने सगळं खाली ठेवलं. ग्रीस आणि डेन्मार्कची राजपुत्राची पदवी सोडली, ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथ सोडून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये आला, ब्रिटिश नागरिक झाला आणि आईच्या माहेरचं आडनाव घेतलं: माउंटबॅटन. हे आडनावसुद्धा असं की १९१७ मध्ये जर्मनांविरुद्ध संताप होता म्हणून ‘बॅटनबर्ग’ बदलून केलेलं. बर्ग म्हणजे डोंगर, म्हणून माउंट. त्याच आठवड्यात राजघराण्यानेही आपलं जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ घेतलं होतं.

लग्नाची अंगठी? आईने आपल्या मुकुटातले हिरे काढून दिले. आई लग्नाला आली. जिवंत असलेल्या तिन्ही बहिणींना मात्र आमंत्रण नव्हतं. जर्मन सासरच्या बायका लंडनमध्ये कशा चालणार, युद्ध संपून दोनच वर्षं झालेली! मामा-मामी दिल्लीहून आले. भारताचं गव्हर्नर जनरलपद तेवढे दिवस राजगोपालाचारींनी सांभाळलं. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची विणलेली लेस पाठवली, मधोमध ‘जय हिंद’. राणी मेरी, म्हणजे एलिझाबेथच्या आजी, त्यांना ते धोतर वाटलं आणि त्या भडकल्या!

आता इंजिनियर मंडळींनो, हा तुकडा खास तुमच्यासाठी. नागरिकत्वाची ती सगळी खटपट गरजेचीच नव्हती! १७०५ चा एक कायदा होता. हॅनोव्हरच्या सोफियाचे कॅथलिक नसलेले सगळे वंशज आपोआप ब्रिटिश प्रजा. तोवर कुणी तो रद्दच केला नव्हता. जुना कोड अडीचशे वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू, आणि कुणाला पत्ता नाही. पुढे एका जर्मन राजपुत्राच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की तो कायदा लागू होतोच. म्हणजे फिलिप जन्मापासूनच ब्रिटिश होता. आयुष्यभर ‘परका’ म्हणून हिणवलेला माणूस कागदावर कधी परका नव्हताच.

अजून एक. रशियाचा झार आणि त्याच्या कुटुंबाला १९१८ मध्ये बोल्शेविकांनी मारलं. १९९१ मध्ये येकातेरिनबुर्गजवळ सांगाडे उकरून काढले. ते कुणाचे हे कसं ठरवणार? आईकडून मुलांना जो मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळतो, त्यावरून. झारची बायको अलेक्झांड्रा ही फिलिपच्या आजीची धाकटी बहीण. आजीपासून ॲलिसकडे, ॲलिसपासून फिलिपकडे, सरळ बायकांची ओळ. फिलिपने रक्त दिलं आणि १९९३ मध्ये जुळणी झाली. सम्राज्ञी आणि तिच्या तीन मुली सापडल्या. राजेशाह्या गेल्या, आडनावं बदलली, पंथ बदलले. आयांकडून आलेली ती ओळ मात्र कुठल्याच क्रांतीला पुसता आली नाही.

ॲलिसचं पुढे काय झालं? तिने ग्रीसमध्ये रुग्णसेवा करणाऱ्या जोगिणींचा संघ काढला, स्वतः जोगिणीची वस्त्रं घातली. १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा मुलाने आणि सुनेने तिला बकिंगहॅम पॅलेसमध्ये राहायला आणलं. जो मुलगा आठव्या वर्षी फिरून घरी आला आणि आई सापडली नाही, त्याच्या घरी ती शेवटची दोन वर्षं राहिली. १९६९ मध्ये तिथेच गेली. तिच्या इच्छेप्रमाणे १९८८ मध्ये तिला जेरुसलेमला पुरलं. कोहेन कुटुंबाला वाचवल्याबद्दल इस्राएलने तिचा सन्मान केला. १९९४ मध्ये तो सोहळा झाला, तेव्हा फिलिप आणि सोफी, थोरल्यांपैकी उरलेली ती धाकटी बहीण आणि तिचा भाऊ, दोघं तिथे गेले होते.

या सगळ्यातून मी काय घेतलं? नातेवाईक किती आणि घर कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्याला आईबापांनी सोडलं असं आपण पटकन म्हणतो, त्याला बरेचदा लढाईने, औषधोपचारांनी आणि लाजेने सोडलेलं असतं. आणि ‘वेडी’ असा शिक्का बसलेल्या माणसाबद्दल घरात कुजबुज चालते ना, ती थांबवून एकदा तरी त्या माणसाची पूर्ण गोष्ट विचारायला हवी.

तर एक काम करा. आजी असेल तर आज तिला तिच्या आजीचं नाव विचारा. बापाकडची ओळ आपल्याला पाठ असते, आईकडची दोन पिढ्यांत संपते. किती मागे जाता आलं ते मला कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!